बिनजोत्याचं घर

“ह्याचं जोतं कुठाय?”

मुळशीतल्या रिहे गावच्या आजींनी गाडीभोवती सावकाश एक फेरी घातली, गुडघ्यांवर हात टेकून चाकांमधून पलीकडे पाहिलं आणि कंबर सरळ करत हा प्रश्न विचारला. सकाळचे साडेसहा वाजले होते. जानेवारीचा दुसरा आठवडा. खाचरांत कापलेल्या भाताच्या बुडख्यांवर दव होतं, बांधापलीकडे पेंढ्याची उडवी धुक्यात बसली होती आणि वरकसाच्या माळावर आमची पांढरी गाडी रात्रभर भिजून उभी होती.

नागपूरकर मित्राने कानटोपी वर सरकवली आणि आजींना हात देऊन आत घेतलं. आजींनी ओट्यावरून हात फिरवला. नळ सोडून पाहिला, लगेच बंद केला. बाकाचा पलंग कसा होतो ते दोनदा करून दाखवायला लावलं. मोरीचं दार उघडून आत डोकावल्या. शेवटी उतरताना निकाल दिला, “समदं हाय. जोतं तेवढं न्हाई.”

त्या दिवशी आम्ही एक तळं, एक देऊळ, एक किल्ला, एक धरण आणि एक लेणं पाहिलं. पण घरी येऊन लिहायला बसलो तेव्हा पहिल्यांदा आठवलं ते हे वाक्य. जोतं म्हणजे घराचा जमिनीशी झालेला करार. तो नसला की घर कुठंही नेता येतं, हे खरं. पण मग दर संध्याकाळी तो करार नव्याने करावा लागतो, आणि तोही दुसऱ्याच्या जमिनीशी.

घराची व्याख्या

गाडी नागपूरकराची. बँकेतून निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशांतून लोक बंगल्यावर मजला चढवतात, याने चाकांवर खोली चढवली. समृद्धी महामार्गाने शिर्डीपर्यंत आणि पुढे संगमनेर, नारायणगाव करत तो आणि वहिनी पुण्यात पोचले. आम्ही दोघं कोथरूडहून सामील झालो. पाचवं-सहावं माणूस म्हणजे न्यू जर्सीहून सुट्टीवर आलेले मित्र आणि त्यांची बायको. या दोघांनी अमेरिकेत अशा गाड्यांतून बरीच भटकंती केलेली असल्यामुळे त्यांना प्रत्येक बाबतीत मत होतं. सातवा मित्र हिंजवडीत नोकरी करणारा आणि माणला राहणारा. त्याची जीप दुसऱ्या दिवशी कामाला येणार होती.

अमेरिकेत जिला ‘आरव्ही’ म्हणतात तिला आपल्या सरकारी कागदांत ‘मोटर कॅराव्हॅन’ असं नाव आहे. कायद्याने तिची व्याख्या अगदी गृहिणीच्या नजरेने केली आहे. बसायला जागा आणि टेबल, झोपायची सोय (बसायच्या बाकाचीच झाली तरी चालेल), स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायला कप्पे. या चार गोष्टी असल्या पाहिजेत आणि त्या राहत्या भागात पक्क्या बसवलेल्या असल्या पाहिजेत. टेबल मात्र काढता-घालता आलं तरी हरकत नाही. चटई, स्टोव्ह आणि पत्र्याची पेटी घेऊन टेम्पोत झोपलात तर ती हौस झाली, कॅराव्हॅन नव्हे. अशा गाड्यांच्या तपासणीचं मानक ‘एआयएस-124’ या नावाने आहे. ही मानकं प्रसिद्ध करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. आपल्या मनाने गाडीचं छप्पर उंचावून आत पलंग ठोकून घेता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आड येतं. नागपूरकराला हे उशिरा कळलं आणि त्यापायी त्याने किती चकरा मारल्या हे तो चहाबरोबर सांगतो, जेवणाबरोबर सांगतो आणि झोपण्यापूर्वी एकदा सांगतो.

पुणे परिसराचा या गाडीशी आणखी एक धागा आहे. आपण ज्याला टेम्पो म्हणतो तो शब्द जर्मनीतून आला. हॅम्बुर्गच्या विडाल आणि सोन या कारखान्याच्या गाड्यांचं ते नाव. 1958 मध्ये बजाज टेम्पो कंपनी उभी राहिली, तिने ती तीनचाकी इथं बनवली आणि पुढं आकुर्डी हे तिचं गाव झालं. कंपनीचं नाव बदलून फोर्स मोटर्स झालं, पण मराठीत माल वाहणारी कुठलीही लहान गाडी टेम्पोच राहिली. गंमत अशी की त्याच 1958 साली अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एका छोट्या गावात विनेबेगोचा कारखाना सुरू झाला. तिथं त्या नावाचा अर्थ चाकांवरचं घर असा झाला, इथं टेम्पोचा अर्थ घर बदलताना सामान नेणारी गाडी असा झाला. त्यांनी घरच हलवलं, आपण घरातलं सामान हलवलं.

2021 मध्ये महाराष्ट्राच्या पर्यटन विभागाने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. केरळनेही त्याच वर्षी ‘केरवान’ नावाने योजना जाहीर केली आणि पुढच्या वर्षी वागमोणला त्यांचं पहिलं कॅराव्हॅन उद्यान उघडलं. जर्सीकरांचं म्हणणं, धोरणाचा गाभा उद्यान हाच. “गाडी कुणीही बांधील हो. तिकडे जागा भाड्याने घेतली की तीन जोडण्या मिळतात. पाण्याची, विजेची आणि सांडपाण्याची. ती तिसरी नसेल, तर दोन दिवसांनी तुम्ही फिरायला आलात की घाण सांभाळायला, हेच कळत नाही.”

तिसरी जोडणी रिह्यात कुठून येणार, याची चिंता आम्हाला आदल्या संध्याकाळी लागली होती. त्याआधी गाडी माळावर चढवणं हेच मोठं काम होतं. वाडीच्या वळणावर जांभळीची फांदी अशी वाकलेली की छपरावरच्या सौर पट्टीला ती घासणार हे नक्की. ज्यांच्या माळावर उतरणार होतो त्या यजमानांच्या मुलाने दोर टाकून फांदी बाजूला ओढून धरली, नागपूरकर पहिल्या गिअरमध्ये इंचाइंचाने पुढे आणि आम्ही बाकीचे सगळे एकाच वेळी वेगवेगळ्या सूचना देणारे. या गाडीला रुंदीपेक्षा उंचीची भीती जास्त असते, हा पहिला धडा.

गाडी सोडून निघालो

दुसरा धडा जर्सीकर वहिनींनी दिला. आम्हाला वाटलं होतं, सकाळी घरासकट निघायचं आणि एकेक ठिकाण पाहत जायचं. त्या म्हणाल्या, “अजिबात नाही. घर इथंच राहील. मोठी गाडी मुक्कामाला, छोटी फिरायला. तिकडे तर लोक मोठ्या गाडीमागे लहान मोटार बांधून नेतात.” माणकराची जीप सात वाजता हजर झाली आणि मावळातले रस्ते पाहिल्यावर वहिनींचं म्हणणं पटलं.

रिहे हे मुळशी तालुक्याच्या उत्तर अंगाचं गाव. पिरंगुटजवळच्या घोटावडे फाट्यावरून आत वळलं की घोटावडे आणि पुढे रिहे. माणवरून आलात तर टेकडीच्या एका बाजूला राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा आणि दुसऱ्या बाजूला ही भातखाचरं. अंतर दहा-बारा किलोमीटर. एकीकडे काचेच्या इमारतींत रात्रपाळी सुटते, तेव्हा इकडे धारा काढून झालेल्या असतात. गाव खोऱ्यात वसलेलं आहे. आजूबाजूला पिंपळोली, जवळ, आंधळे, कातरखडक, खांबोली अशी गावं. या सगळ्यांचं पाणी उतरत उतरत मुळेला मिळतं आणि मुळा पुण्याला जाते. म्हणजे रिह्यात मोरीतून सोडलेलं पाणी शेवटी आपल्याच गावी येतं.

पहिला थांबा कातरखडक-खांबोलीच्या तळ्याचा. पाणी इतकं शांत होतं की पलीकडचा डोंगर उलटा होऊन पूर्ण दिसत होता. काठावर आदल्या रात्रीचे तंबू होते. कुणी चूल विझवत होतं, कुणी मोबाइलवर सूर्य पकडत होतं. काठाच्या गवतात बाटल्या, थाळ्या, फुटक्या काचा होत्या. माणकर सुट्टीच्या दिवशी इथं सायकलने येतो. तो म्हणाला, “पूर्वी आम्ही चार जण यायचो. आता चारशे येतात आणि प्रत्येकाला वाटतं, ही जागा आपल्यालाच सापडली.” आम्ही काही न बोलता एक पिशवी भरली. त्यात मोठेपणा नव्हता; पुढे दिवसभर जीपमध्ये तिचा वास सोबत होता आणि टाकायला जागा रात्रीपर्यंत मिळाली नाही.

ट्रकातली दिंडी

कातरखडककडून पुढे डोंगर चढून रस्ता हाडशीला जातो. इथं सत्य साई पांडुरंग क्षेत्र आहे. डोंगराच्या कुशीत आखीव बाग, स्वच्छ पायऱ्या आणि वर विठ्ठलाचं देऊळ. सकाळी गर्दी नव्हती. दर्शन घेऊन वाहनतळावर आलो, तर एक टोपीवाले माळकरी गृहस्थ आमच्या गप्पा ऐकत उभे होते. नागपूरकर नेहमीप्रमाणे गाडीतल्या टाक्यांबद्दल सांगत होता. माळकऱ्यांनी विचारलं, “किती माणसं झोपत्यात?” चार, असं ऐकून ते हसले. “आमच्या दिंडीचा ट्रक अडीचशे माणसं पोसतो.”

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना जर्सीकरसुद्धा गप्प झाले. आषाढी वारीत आळंदी-देहूहून पालख्या निघतात त्या अडीच-तीन आठवड्यांनी पंढरपुरात पोचतात. प्रत्येक दिंडीचा ट्रक असतो. धान्य, शेगड्या, कढया, तंबू, राहुट्या, वारकऱ्यांच्या वळकट्या, औषधं सगळं त्यात. पाण्याचा टँकर वेगळा. वारकरी चालायला लागले की ट्रक दुसऱ्या वेळेला, दुसऱ्या वाटेने पुढच्या मुक्कामाला जातो. ठरलेल्या शेतात उभा राहतो, तंबू लागतात, चुली पेटतात आणि दिंडी पोचते तेव्हा घर तयार असतं. दुसऱ्या पहाटे ते घर मोडायचं, ट्रकात भरायचं आणि पुढे न्यायचं. वर्षानुवर्षं त्याच गावात, बऱ्याचदा त्याच शेतात, त्याच घराशी ओळख ठेवून. “जागा इचारावी लागत नाय. मालकच वाट बघतो. पण निघताना रान झाडून द्यायचं, ते आमच्याकडं,” माळकरी म्हणाले.

मराठी माणसाला कॅराव्हॅन नवी वाटते. खरं तर त्याने तिचा सगळ्यात मोठा प्रयोग कितीतरी वर्षं चालवला आहे, फक्त त्याला पर्यटन म्हटलं नाही. त्या प्रयोगात गाडीचं कौतुक कुणी करत नाही. कौतुक असतं ते मुक्कामाच्या व्यवस्थेचं: कोणत्या गावी कोणाच्या रानात उतरायचं, पाणी कुठून भरायचं, कोण आधी जाणार आणि कोण मागे राहून जागा साफ करणार.

तिकोन्यावरून

हाडशीहून पुढे मुळशी तालुका संपतो आणि पवन मावळ सुरू होतं. तिकोना पेठेत जीप लावली. किल्ल्याचं दुसरं नाव वितंडगड. नावाप्रमाणे शेवटच्या पायऱ्या वाद घालतात. वाटेत खडकात कोरलेला चपेटदान मारुती आहे, पायाखाली पनवती दाबून हात उगारलेला. पुढे तुळजाईचं लेणं आणि समोर पाण्याचं तळं. मग दगडी दरवाजा आणि उभ्या पायऱ्या. नागपूरकर वहिनींनी शेवटच्या टप्प्याला जाहीर केलं, “मी इथंच बसते बाप्पा, तुम्ही या जाऊन,” आणि पाच मिनिटांनी आमच्या आधी बालेकिल्ल्यावर पोचल्या.

वर त्र्यंबकेश्वर महादेवाचं देऊळ आहे आणि कातळात खोदलेली टाकी आहेत. मुक्कामी राहणाऱ्यांनी आधी पाण्याची सोय केली, मग तटबंदीची, हे सह्याद्रीतला कुठलाही गड सांगतो. वरून चारी बाजूंनी पवनेचं खोरं उघडतं. समोर टोकदार तुंग, उत्तरेला लोहगड-विसापूर. 1665 च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले. त्यांत लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे चारही होते. एका नजरेत मावणारा सगळा मुलूख एका सहीने गेला आणि पुढे तो परत घ्यावा लागला. लोहगड आता युनेस्कोच्या यादीतल्या मराठा लष्करी भूप्रदेशांच्या 12 किल्ल्यांत आहे, 2025 पासून. तिकोना त्या यादीत नाही, म्हणून अजून तिथं बसायला जागा मिळते.

खाली धरणाचं निळं पाणी आणि काठाकाठाने रंगीत ठिपके. ते ठिपके म्हणजे भाड्याचे तंबू. पवनेच्या काठावर रात्र काढणं हा आता पुण्या-मुंबईच्या तरुणांचा नेमच झाला आहे. या पाण्याखाली गावांची जमीन आहे. वाघेश्वराचं जुनं हेमाडपंती देऊळही त्याच पाण्यात आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते वर येतं आणि लोक दर्शनाला जातात. हे पाणी पिंपरी-चिंचवडला प्यायला जातं. ते बंद जलवाहिनीतून नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी उठले. 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात तीन शेतकरी गेले.

आणि आम्ही ज्या तालुक्यात मुक्काम केला होता त्याची कहाणी तर त्याहून जुनी. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी मुळा-निळेच्या संगमावर धरण बांधायला घेतलं, तेव्हा 1921 च्या रामनवमीला मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे पुढे होते. पन्नासेक गावं पाण्यात गेली. ते पाणी आजही डोंगरावरून पश्चिमेला उतरवून भिऱ्याला वीज करतं आणि कुंडलिकेतून कोकणात जातं. कोलाडला सकाळी रबरी होड्यांतून लोक आरडाओरडा करत वाहतात ते याच पाण्यावर.

गडावर बसून हे बोलणं निघालं, तेव्हा माणकर म्हणाला, “म्हणजे आपण तलावाचं दृश्य पाहतो ती दुसऱ्याच्या घराची मागची बाजू आहे.” कुणी उत्तर दिलं नाही. पण जोतं हा शब्द मला तिथं परत आठवला. या मुलखातल्या लोकांनी जोत्यासकट घरं सोडली आहेत. आपण बिनजोत्याचं घर हौसेने घेऊन त्यांच्या दारात उभे राहतो, तेव्हा त्यांनी आपल्याकडे जरा बारकाईने पाहिलं तर त्यांचं चुकत नाही.

महारठिनीची पोढी

पेठेत पिठलं, भाकरी, ठेचा आणि इंद्रायणीचा भात जेवलो. हा तांदूळ याच भागातला. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून निघालेला. भांड्याचं झाकण उघडलं की शेजारच्या माणसाला कळावं इतका वास. जर्सीकरांनी भाताला सुट्टी दिलेली होती, ती त्यांनी तिसऱ्या वेळेला वाढून घेताना रद्द केली.

तिथून पवनानगरवरून कामशेतच्या वाटेवर बेडसे. कार्ले-भाजे सगळे पाहतात, बेडशाला पायऱ्या चढायला लागतात म्हणून माणसं कमी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचं हे लेणं. दर्शनी भागाचे खांब उंच, त्यांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांवर बसलेली जोडपी. आतला चैत्य साधा आणि गंभीर. शेजारचा विहार मात्र वेगळाच, चैत्यासारखं मागचं टोक गोल आणि वर कमानीचं छत. असा विहार सहसा पाहायला मिळत नाही.

विहारातल्या एका खोलीत नागपूरकर आडवा झाला. दगडात कोरलेला ओटा, तोच पलंग. “आपल्या बर्थएवढाच आहे,” तो आतून ओरडला. थट्टेत म्हणाला, पण बरोबर म्हणाला. बौद्ध भिक्खू वर्षातले बरेच महिने फिरत आणि पावसाळ्यात एका जागी थांबत, तो वर्षावास. सह्याद्रीतली ही लेणी त्या थांबण्यासाठी उपयोगी पडली. ज्यांचा धर्मच चालण्याचा होता, त्यांच्यासाठी लोकांनी थांबण्याची जागा कोरून दिली. कुणी दिली, तेही दगडावर आहे. दाराशी नाशिकच्या अनद नावाच्या श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याच्या दानाचा लेख आहे. बाहेर पाण्याच्या टाक्याजवळ दुसरा लेख आहे, महाभोजाची मुलगी सामडिनिका हिचा. ती स्वतःला महारठिनी म्हणवते. अशा टाक्याला त्या काळी पोढी म्हणत. दोन हजार वर्षांपूर्वी एका बाईने प्रवाशांसाठी पाणी खोदून दिलं आणि खाली आपलं नाव लिहून ठेवलं.

जर्सीकर बराच वेळ त्या टाक्याशी उभे होते. म्हणाले, “पहिली जोडणी तर झाली.”

उसाच्या गाड्या

परतताना डोंगरातली वाट सोडून कामशेतवरून जुन्या महामार्गाला लागलो आणि सोमाटण्याला आत वळून शिरगाव, दारुंब्रे, कासारसाई करत निघालो. इथं संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे आणि जानेवारी म्हणजे गळीत हंगाम भरात. रस्त्यात उसाने भरलेल्या बैलगाड्या एकामागून एक. टायरची चाकं, शिंगांना रंग, गाडीवान उसावर बसलेला. जीपला पुढे जायला जागा नव्हती, म्हणून वीसेक मिनिटं त्यांच्याच चालीने चाललो.

कारखान्याच्या परिसरात ऊस तोडणारी माणसं कोप्या करून राहतात. उसाचं पाचट, बांबू आणि प्लास्टिकचा कागद यांची कोपी; समोर तीन दगडांची चूल. दिवाळीच्या सुमाराला मराठवाड्यातून निघालेली कुटुंबं उन्हाळ्यापर्यंत इथं असतात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फेडायला नवरा-बायकोने मिळून तोडायचं. त्या जोडीलाच कोयता म्हणतात. पाणी दुरून आणायचं. आंघोळीला आडोसा नाही. जीपमधून पाहताना नागपूरकर वहिनी म्हणाल्या, “आपण पैसे देऊन असं राहतो.”

त्या वाक्यात ताशेरा नव्हता, आणि मला त्याचं प्रवचनही करायचं नाही. पण आपल्या राज्यात घर पाठीशी बांधून हिंडणारे सर्वांत जास्त लोक पर्यटक नाहीत, एवढं लक्षात ठेवलं पाहिजे. ऊसतोडीवाले आहेत, मेंढ्या घेऊन घाटाखाली-घाटावर करणारे धनगरांचे वाडे आहेत. धनगराने शेतात वाडा बसवला तर शेतकरी त्याला धान्य देतो, कारण मेंढ्यांच्या लेंड्यांनी रान खतवतं. तो जाताना जमीन सुधारून जातो. कॅराव्हॅनवाला जाताना काय ठेवून जातो?

केळीचं आळं

उत्तर रिह्यातच द्यावं लागलं, तेही लगेच. अंधार पडला होता. आमच्या गाडीतली गोड्या पाण्याची टाकी 120 लिटरची. चार माणसं, एक रात्र आणि एक सकाळ यांत ती अर्ध्याच्या खाली आली होती, आणि तेवढंच पाणी खालच्या सांडपाण्याच्या टाकीत जमलं होतं. संडासाची पेटी वेगळी. नागपूरकराने नळी काढली आणि मामांना, म्हणजे यजमानांना, अडखळत विचारलं, “हे पाणी... जरा लांब ओढ्याला सोडू का?”

मामा चुलीपाशी बसले होते. उठून आले, नळीचं तोंड हातात धरून वास घेतला. “भांड्याचं आन् आंगोळीचं का?” हो. “साबन किती घालता?” वहिनींनी सांगितलं, जरासाच. “मग ओढ्याला कशापायी? म्होरं आमच्याच विहिरीला झिरपंल. केळीला सोडा.”

आणि त्यांनी नळी ओढत नेऊन घरामागच्या आळ्यात सोडली. तिथं त्यांच्या मोरीचं पाणीही येत होतं. चार केळी आणि अळूची हातभर रुंद पानं. आमचं पाणी सावकाश, दोन आळ्यांत वाटून दिलं. संडासाच्या पेटीबद्दल मात्र ते ठाम होते. तिच्यात टाकायचं औषध रसायनाचं असतं, त्यामुळे झाडाला नाही, ओढ्याला नाही, उघड्यावर तर नाहीच. घराच्या शौचालयातही थेट ओतू दिली नाही; आधी विचारलं की शौचालयाच्या टाकीतले जंतू मरतील का. नागपूरकराने औषधाची बाटली आणून दाखवली, जर्सीकरांनी तिच्यावरचं बारीक इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं. शेवटी औषध न घालता वापरायची आणि रोज रिकामी करायची, या अटीवर परवानगी मिळाली. जर्सीकर म्हणाले, “तिसरी जोडणी ही अशी असते तर.”

जेवताना रिंगरोडचा विषय निघाला. पुण्याभोवतीच्या वर्तुळाकार महामार्गाचा पश्चिम टप्पा उर्स्याहून निघून मुळशी तालुक्यातून वरव्याकडे जातो, सुमारे 65 किलोमीटर. त्याच्या आखणीतल्या गावांत जवळ, पडळघरवाडी, रिहे, घोटावडे, अंबडवेट, भरे अशी नावं आहेत. रस्ता 110 मीटर रुंद. तो झाला की आमच्यासारख्यांना जांभळीची फांदी ओढून धरावी लागणार नाही. द्रुतगती महामार्गावरून घर थेट रिह्यात उतरवता येईल. हे मी मोठ्याने बोललो नाही. माळावर बसून मामांनी बोटाने अंधारात एक रेघ दाखवली, इकडून तिकडे. त्या रेघेच्या कुठल्या बाजूला कोणाचं काय राहणार, हे त्यांना खाचरागणिक पाठ होतं.

आजी शेवटी बाहेर आल्या. त्यांनी गाडीखाली पुन्हा एकदा पाहिलं. चाकांना आम्ही सकाळी दगडांची उटी लावली होती, दिवसभर गाडी हलली नव्हती. “आज बसलं घर,” त्या म्हणाल्या आणि पेंढ्याचा एक भारा मागवून दारापुढच्या चिखलात पसरायला लावला.

तर, ज्यांच्या मनात अशी गाडी घ्यायचं आहे त्यांच्यासाठी. सोफ्याचा रंग, स्वयंपाकाचा ओटा, बॅटरीची ताकद यांवर विचार करायला पुष्कळ वेळ मिळतो. त्याआधी एका कागदावर दोन ओळी लिहून काढा. पहिली, रात्री गाडी कोणाच्या जमिनीवर उभी राहणार आणि त्याला विचारलं आहे का. दुसरी, तिचं सांडपाणी कुठे जाणार. पावसाळ्यात मुळशी-मावळात शेतात चाक घालू नका, खाचर लावलेलं असतं. उतरलात की आधी नाव सांगा, गाव सांगा, मग नळी काढा. धरणाच्या काठावर फुकट जागा दिसली तरी ती मोकळी आहे असं समजू नका. निघताना दिंडीवाल्यांसारखं रान झाडून द्या.

दोन्ही ओळी भरता आल्या तर गाडी जरूर घ्या. नाही आल्या, तर एक जीप आणि रिह्यासारख्या गावातली एक ओळख पुरेशी आहे.